संगणक जुना झाला म्हणजे नेमकं काय झालं?

आईचा सकाळचा क्रम ठरलेला होता. संगणकाचं बटण दाबायचं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवायचं. चहा गाळून, कप घेऊन ती टेबलापाशी येई तोवर पडद्यावर चित्रं उमटलेली असत, पण माउस अजून हलत नसे. चहा संपता संपता तो हलू लागे. हा संगणक २०१४ सालचा. आई निवृत्त शिक्षिका. महिला मंडळाची इतिवृत्तं, सोसायटीचा जमाखर्च, परदेशात असलेल्या माझ्या बहिणीशी रविवारचं बोलणं आणि यूट्यूबवरची कीर्तनं, एवढाच तिचा वापर. २०२५च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत, विंडोज १०चं पाठबळ संपत असल्याची सूचना पडद्यावर आली. दुकानदाराने डबा न उघडताच सांगितलं, "काकू, अकरा वर्षं झाली याला. आता यात पैसे घालू नका, नवीनच घ्या."

त्याचा हेतू वाईट नव्हता. अकरा वर्षांच्या यंत्रात हात घातला आणि उद्या दुसरंच काही बिघडलं, तर बोल त्यालाच लागणार. तरी नुसत्या वयावरून दिलेला निकाल मला पटेना. कुकरमध्ये वाफ धरेनाशी झाली की आपण आधी रिंग बदलतो, कुकर नव्हे. संगणकाच्या बाबतीत मात्र वय सांगितलं की बोलणंच संपतं. ही सवय आपल्याला लागली त्याला एके काळी सबळ कारण होतं.

१९९३ साली इंटेलचा पहिला पेंटियम आला तेव्हा त्याचा वेग ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ होता. २००३ साली पेंटियम ४ हा ३.२ गिगाहर्ट्झवर पोचला. दहा वर्षांत जवळजवळ पन्नासपट! त्या काळात पाच वर्षांपूर्वीचा संगणक खरोखरच निरुपयोगी ठरायचा, कारण नवी सॉफ्टवेअर नव्या वेगाचा हिशेब धरूनच लिहिली जायची. पण पुढे ही चढण थांबली. चिपवरचे ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, मात्र त्यांना लागणारा विजेचा दाब त्या प्रमाणात उतरेना, आणि वेग आणखी वाढवला की चिप इतकी तापे की पंख्याने ती थंड ठेवणं अशक्य होई. आईच्या संगणकातला कोअर आय३-४१३० हा प्रोसेसर २०१३चा. त्याचा वेग ३.४ गिगाहर्ट्झ. म्हणजे पुढच्या दहा वर्षांत हा आकडा जवळपास जागच्या जागी राहिला. प्रोसेसर त्यानंतर सुधारले नाहीत असं नाही. एका ठोक्यात ते अधिक काम उरकतात, त्यांच्यात कोअरही जास्त असतात. चित्रपटाचं संपादन किंवा मोठी थ्रीडी आरेखनं करणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. इतिवृत्त टाइप करणाऱ्याचा प्रोसेसर मात्र बहुतेक वेळ कामाची वाट पाहत बसलेला असतो.

मग चहाएवढा वेळ जातो कुठे? आपल्याकडे त्या उभ्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, आणि त्या नावामुळे सगळा डबा ही एकच वस्तू वाटत राहते. प्रत्यक्षात त्यात निरनिराळे भाग असतात आणि प्रत्येक जण आपापल्या गतीने म्हातारा होतो. कोणता भाग बाकीच्यांना अडवून धरतो आहे हे पाहण्याची सोय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती व्यग्र आहेत ते टक्क्यांत दिसतं. संगणक रडत असतो त्याच वेळी हे पाहायचं. आईच्या संगणकावर प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत होता, मेमरी नव्वदच्या आसपास होती आणि डिस्कचा आकडा शंभरवरून खाली यायला तयार नव्हता. अडणारा भाग सापडला.

हार्ड डिस्क ही खरोखरच फिरती तबकडी असते. साधारण डेस्कटॉपमध्ये ती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एखादी फाइल वाचायची तर वाचणाऱ्या हाताला आधी योग्य वर्तुळावर जावं लागतं. त्याला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. मग हवा तो तुकडा फिरत फिरत हाताखाली येईपर्यंत थांबावं लागतं. अर्धा फेरा धरला तर आणखी चार मिलिसेकंद. एका ठिकाणचं वाचन उरकायला अशी बारा-तेरा मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या जागांवरचे तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला ऐंशीच्या घरात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वाचले जातात, त्यात अँटिव्हायरस आणि अपडेट यांचीही भर. आता एसएसडी पाहा. तिच्यात फिरणारं काहीच नाही, सगळं चिपवर. तिला एक तुकडा द्यायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. म्हणजे शंभरपटीचा फरक. दुकानात मात्र फरक सांगितला जातो तो एका दमात मोठी फाइल उतरवण्याच्या वेगाचा, आणि तो घरगुती वापरात फारसा कामाला येत नाही. म्हणूनच जुन्या मदरबोर्डवर नव्या एनव्हीएमई कार्डाची खाच नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. साध्या साटा केबलने जोडायची अडीच इंची एसएसडी घेतली तरी खरा लाभ पदरात पडतो. गेल्या वीस वर्षांतल्या बहुतेक संगणकांत ती जोडण्याची जागा असते.

मेमरीचं म्हणजे रॅमचं दुखणं याच्याशीच गुंतलेलं आहे. रॅम हा स्वयंपाकघरातला ओटा. ओट्यावर जागा उरली नाही की एक डबा उचलून माळ्यावर ठेवायचा आणि दुसरा खाली काढायचा. चार जीबी रॅममध्ये ब्राउझरच्या आठ-दहा खिडक्या उघडल्या की संगणक हीच ये-जा सुरू करतो, आणि माळा म्हणजे ती हळू डिस्क. म्हणून दोन्ही दुखणी एकाच वेळी दिसतात. आज घरगुती कामाला आठ जीबी ही सुखाची पायरी आहे. विकत घेण्याआधी दोन गोष्टी मात्र पाहायच्या. विंडोज ३२ बिटची असेल तर ती चार जीबीच्या पलीकडची रॅम वापरूच शकत नाही. आधी ६४ बिटची बसवावी लागते. आणि डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, त्यांच्या खाचाच वेगळ्या असतात. आईच्या संगणकाला डीडीआर३ हवी होती. ती पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळाली, वापरलेली पण तपासून दिलेली. मुंबईकर अशा शोधासाठी लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर जातात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची मागणी इतकी वाढवली आहे की २०२५च्या अखेरीपासून नवी रॅम आणि एसएसडी दोन्ही महागल्या. त्याची झळ नव्या संगणकाच्या किमतीलाही बसते, हेही हिशेबात धरावं.

काही वेळा दुखणं याहूनही लहान निघतं. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा रुपयाएवढा गोल सेल असतो. तो संपला की संगणकाचं घड्याळ मागे जातं, आणि तारीख चुकली की बँकेचं किंवा सरकारी संकेतस्थळ उघडेना होतं, कारण त्याच्या सुरक्षा-प्रमाणपत्राच्या तारखा जुळत नाहीत. इंटरनेट बंद पडलं, मशीन गेलं, असं समजून लोक नव्या खरेदीला निघतात. पंख्यात धूळ अडकली आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली, तर तो तापू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. अशा वेळी ब्रश आणि पेस्टची एक पुडी पुरते.

इथवरचं सगळं सोपं होतं. खरी अडचण आली ती दुसऱ्या बाजूने. विंडोज एक्सपीचं पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपलं, आणि त्याच कारणाने आम्ही हा संगणक घेतला होता. विंडोज ७चं पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी संपलं, तेव्हा त्याच डब्यात विंडोज १० टाकून आम्ही पुढे गेलो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची पाळी आली आणि या वेळी दार बंद होतं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही किल्ल्या जपणारी सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर तिच्या यादीत बसतो. आईचा चौथ्या पिढीचा. या अटी चुकवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात तिथे मी हा मार्ग सुचवणार नाही.

पाठबळ संपलं म्हणून संगणक बंद पडत नाही, त्यामुळे "चालतोय ना, चालू दे" असं म्हणणारे पुष्कळ. धोका काय आहे ते २०१७च्या मे महिन्यात जगाने पाहिलं. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने लाखो संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतली रुग्णालयंही त्यात सापडली. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही आणि ज्यांच्या विंडोजला अशा दुरुस्त्या मिळणंच थांबलं होतं, ते उघड्यावर राहिले. ज्या संगणकाला दुरुस्त्या मिळत नाहीत तो कितीही वेगाने चालला, तरी इंटरनेटला जोडून वापरण्याच्या लायकीचा राहत नाही. माझ्या लेखी संगणकाचं खरं वय हे आहे.

मग उरले तीन मार्ग. मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंद करून विंडोज १०च्या सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत घेता येतात; पण ती फक्त मुदतवाढ. दुसरा मार्ग विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली टाकण्याचा. तिसरा म्हणजे नवीन यंत्र. लिनक्सबद्दल अजून पुष्कळांच्या मनात धाक आहे, तो आता काढून टाकायला हवा. लिनक्स मिंट हा त्यातला प्रकार पेनड्राइव्हवर उतरवून, डिस्कला हात न लावता, संगणक त्यावरून चालवून पाहता येतो. आवाज येतो का, प्रिंटर चालतो का, वायफाय सापडतं का, हे आधीच कळतं. मिंटच्या २२व्या मालिकेला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, आणि चार जीबी रॅमवरही ती बरी चालते. मात्र टॅलीसारखी फक्त विंडोजसाठी केलेली सॉफ्टवेअर ज्याच्या पोटापाण्याशी जोडलेली आहेत, त्याने या वाटेला जाऊ नये.

आईच्या बाबतीत अडलं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि मराठी घरांतल्या जुन्या संगणकांविषयी मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच. तिची बारा-पंधरा वर्षांची इतिवृत्तं, आजीच्या आठवणी, शाळेच्या स्मरणिकेतले लेख, सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. नव्या यंत्रावर फाइल उघडली की पडद्यावर येई ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग. याचं कारण त्या फॉन्टच्या रचनेत आहे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकचं आयएसएम यांच्या काळात संगणकाला देवनागरी ठाऊक नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवले गेले. कृतिदेवमध्ये फायलीत साठवलेलं असतं इंग्रजी 'डी', आणि फॉन्ट त्या जागी 'क'चं चित्र दाखवतो. फॉन्ट नाहीसा झाला की मागे उरतो नुसता 'डी'. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, आणि त्या सॉफ्टवेअरांनी मराठी छपाई उभी केली हे विसरून चालणार नाही. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. विंडोजमध्ये ही सोय विंडोज २०००पासून आली, पण टाइप करणाऱ्यांची बोटं जुन्या कळफलकाला सरावलेली होती आणि छापखान्यांची मागणीही जुन्याच फॉन्टची होती, म्हणून पुढे कितीतरी वर्षं घराघरांत जुन्या पद्धतीनेच मजकूर साठत गेला.

म्हणून जुना संगणक दुरुस्त करा, विका किंवा मोडीत काढा. त्याआधी, तो चालू आहे तोवर, त्याच्यावर बसून एक काम करा. फायलींबरोबर फॉन्टचीही प्रत घ्या. कोणती फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची पीडीएफ करा; फॉन्ट आत साठवलेला असेल तर ती कुठेही जशीच्या तशी दिसते. मग परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफशी ताडून पाहा, कारण जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांत परिवर्तक हमखास चुकतात. काही सॉफ्टवेअर डाँगलशिवाय, म्हणजे संगणकाला लावायच्या परवाना-किल्लीशिवाय, उघडत नाहीत, आणि सगळ्यांत जुन्या डाँगलना जे प्रिंटर पोर्ट लागतं ते आजच्या संगणकांत नसतंच. तो दुवा एकदा तुटला की मजकूर सोडवणं फार कष्टाचं होतं. आम्हाला या कामाला तीन आठवडे लागले. संध्याकाळी आई मोठ्याने वाचायची आणि मी पडद्यावर दुरुस्त करायचो. एसएसडी आणि रॅम बसवायला तासभरही लागला नव्हता.

त्यानंतर त्याच डब्यात लिनक्स टाकलं. त्यात मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्ट कळफलक निवडला. आईला त्याची सवय व्हायला महिना गेला, आणि त्या महिन्यात ती माझ्यावर दोनदा चिडली, तेही रास्तच होतं. आता बटण दाबल्यावर चहाला जायला वेळ मिळत नाही.

पण हीच गोष्ट शेजारच्या काकांना सांगताना मी त्यांना नवीन घ्यायला लावलं. त्यांच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते. मदरबोर्ड गेला की हिशेबच बदलतो. नवा बोर्ड घेतला तर त्याला जुना प्रोसेसर बसत नाही, जुनी रॅम बसत नाही. उरतो तो पत्र्याचा डबा. त्याच सॉकेटचा जुना बोर्ड शोधून आणणं म्हणजे तितकंच थकलेलं दुसरं हृदय बसवणं. स्वतःपुरता मी एक ठोकताळा ठेवला आहे. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शावर गेला की थांबायचं. आणि एसएसडी, रॅम यांपलीकडे तिसरा भाग बदलावा लागत असेल तरीही थांबायचं.

लॅपटॉपला ही मोकळीक कमी. पुष्कळ हलक्या लॅपटॉपांत रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, आणि स्वस्तातल्या काहींत ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी चिपही तशीच. तिथे वाढवायला काही ठेवलेलंच नसतं. बॅटरी फुगून कीबोर्ड वर उचलला गेला असेल तर लॅपटॉप त्याच क्षणी बंद करावा, चार्जिंगला लावू नये आणि फुगवटा दाबू नये. बॅटरी बदलून घेता येते, पण तोवर ती आगीचं कारण आहे.

नवीन म्हणजे कोरंच असं नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मोठ्या कार्यालयांत ठरावीक वर्षांनी संगणक बदलतात, आणि ते तपासून, साफ करून रिफर्बिश्ड म्हणून विकले जातात. आठव्या पिढीचा किंवा पुढचा आय५, एसएसडी असलेला असा छोटा डेस्कटॉप विंडोज ११च्या अटींत बसतो आणि कोऱ्या यंत्रापेक्षा बराच स्वस्त पडतो. बिल आणि लेखी वॉरंटी मिळत असेल तरच घ्यावा. शेजारच्या काकांनी तोच घेतला.

टाकण्याबद्दलही सांगायला हवं. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४च्या अभ्यासानुसार त्या काळचा एक संगणक आणि १७ इंची मॉनिटर बनवायला किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड टन पाणी लागत होतं. आपल्या टेबलावर येण्याआधीच एवढा खर्च होऊन गेलेला असतो, आणि म्हणून विजेच्या बिलात थोडी बचत होईल या आशेने चालता संगणक बदलणं मला पटत नाही. रोज चार तास, शंभर वॉट धरले तरी महिन्याला बाराच युनिट होतात. जो खरोखरच संपला तो भंगारवाल्याकडे जाऊ नये. तांबं काढायला तारा उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर कुणाच्या तरी मुलांच्या छातीत जातो. भारतात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच तो द्यावा. डिस्क देताना "फॉरमॅट मारला" यावर विसंबू नये. झटपट फॉरमॅटने पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच राहतात. सगळ्या डिस्कवर नवा मजकूर फिरवून ती पुसावी लागते. आईची जुनी डिस्क मात्र आम्ही दिली नाही. तिच्यावर तिने कागद चिकटवून "२०१४ ते २०२५" असं लिहिलं आणि ती कपाटात ठेवली.

एक गोष्ट एसएसडीने सुटली नाही. यूट्यूब आजकाल व्हीपी९ आणि एव्ही१ या प्रकारांत चित्रं पाठवतं. व्हीपी९ उलगडण्याची पूर्ण सोय इंटेलच्या सातव्या पिढीत आली, एव्ही१ची अकराव्या पिढीत. आईच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला ते सारं स्वतःच्या बळावर उलगडावं लागतं, म्हणून कीर्तन लागलं की पंखा घोंघावू लागे. ब्राउझरमध्ये एक लहान जोडणी टाकून यूट्यूबला जुन्या एच.२६४ प्रकारातच चित्रं द्यायला लावलं, तेव्हा पंखा शांत झाला. बहिणीशी बोलताना तो अजूनही जोराने फिरतो आणि चित्र अधूनमधून अडकतं. तेवढं बोलणं आई आता फोनवरून करते.